टेलफर्ड यांच्या वाटेने : लँगहोम ते लंडन

सोमवार : लँगहोम आणि वेस्टरकर्क

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ, एस्क नदीच्या खोऱ्यात लँगहोम हे लहानसे गाव आहे. रस्त्यांच्या कामावर उमेदीची वर्षे घालवलेले आम्ही दोघे जुने सहकारी स्कॉटिश स्थापत्य अभियंते थॉमस टेलफर्ड यांची कामे शक्य तितकी त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने पाहायची, असे ठरवून येथे आलो. प्रत्येक ठिकाणी वरून पाहून झाल्यावर कामाच्या खालच्या बाजूलाही जायचे, हे आमचे आधीच ठरले होते. कारण अभियंता कसा आहे हे पाया, सांधे आणि पाण्याचा निचरा यांवरून कळते, आणि टेलफर्ड यांची थोरवी नेमकी तिथे आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

टेलफर्ड यांचा जन्म ९ ऑगस्ट १७५७ रोजी वेस्टरकर्क परगण्यातील ग्लेनडिनिंग येथे एका मेंढपाळाच्या घरी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वडील वारले. आई जॅनेट हिने मोलमजुरी आणि नातेवाइकांचा आधार यांवर मुलाला वाढवले. किशोरवयातच तो लँगहोमच्या एका गवंड्याकडे उमेदवारीला लागला आणि १७७५ च्या सुमारास गावच्या नव्या पुलावर दगड घडवू लागला. तो पूल आजही वाहतुकीत आहे. नदीला पाणी बेताचे होते, म्हणून आम्ही काठाने खाली उतरलो. टेलफर्ड यांची गवंडीखूण येथील दगडांवर असल्याचे सांगतात. ती नेमकी कोणती हे आम्ही ठरवू शकलो नाही, पण पात्यासारख्या सरळ कडा आणि पातळ, समान सांधे हाताने चाचपून पाहता आले.

या पुलाची एक गोष्ट येथे सांगितली जाते. काम पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत एस्क नदीला मोठा पूर आला. पूल सात वर्षे टिकेल अशी हमी दिलेला ठेकेदार परगावी होता आणि त्याची बायको घाबरून पुलाकडे धावली. तेथे जमलेल्यांमध्ये टेलफर्डही होते, आणि पुलाला काही होणार नाही, असे सांगून त्यांनी तिला धीर दिला. कोणता दगड कशावर टेकला आहे हे हातांना ठाऊक असणारा माणूसच अशा वेळी शांत राहू शकतो.

दुपारी वेस्टरकर्कच्या स्मशानभूमीत गेलो. वडिलांच्या थडग्याचा दगड टेलफर्ड यांनी स्वतः कोरला. ‘३३ वर्षे निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगलेले जॉन टेलफर्ड’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. कधीही न पाहिलेल्या, किंवा पाहिलेले आठवत नसलेल्या बापाविषयी मुलाने एवढेच लिहावे आणि त्यात काही उणे वाटू नये, याने आम्ही दोघेही बराच वेळ तिथून हललो नाही. जवळच बेंटपाथ येथे ग्लेनडिनिंगच्या अँटिमनीच्या खाणीतील कामगारांनी १७९३ मध्ये सुरू केलेले ग्रंथालय आहे. टेलफर्ड यांनी मृत्युपत्रात या ग्रंथालयासाठी १,००० पौंड ठेवले, आणि लँगहोमच्या ग्रंथालयासाठीही तेवढेच.

मंगळवार : श्रूजबरी

सकाळचा बहुतेक वेळ मोटारप्रवासातच गेला. टेलफर्ड यांना मात्र लँगहोमहून श्रूजबरीला पोचायला काही वर्षे लागली. १७८० मध्ये ते एडिंबरोच्या नव्या वसाहतीत गवंडीकाम करीत होते आणि १७८२ मध्ये लंडनला सॉमरसेट हाउसच्या बांधकामावर. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत देखरेखीचे काम मिळाले, तेव्हा दिवसभराच्या कामानंतर त्यांनी चुन्याचे रसायनशास्त्र अभ्यासायला घेतले. चुना का घट्ट होतो आणि पाण्याखाली का विरघळतो, हा प्रश्न त्या काळी फार थोड्या गवंड्यांना पडत असेल.

श्रूजबरीला त्यांना आणले ते सर विल्यम पुल्टनी यांनी. हे मूळचे एस्कडेलचेच जॉन्स्टन. लग्नामुळे मोठ्या संपत्तीचे धनी झालेले आणि श्रूजबरीचे खासदार. त्यांच्यासाठी किल्ला राहण्याजोगा करून देण्याचे काम टेलफर्ड यांनी घेतले आणि १७८७ मध्ये ते श्रूजबरीच्या भोवतालच्या श्रॉपशायर काउंटीच्या सार्वजनिक कामांचे सर्वेक्षक झाले.

किल्ला आम्ही भराभर पाहिला, कारण मन सेंट चॅड चर्चच्या अवशेषांकडे लागले होते. १७८८ मध्ये या चर्चच्या छपरातून पाणी गळत होते आणि विश्वस्तांनी छपराच्या दुरुस्तीसाठी टेलफर्ड यांना बोलावले. ते छपरावर न थांबता भिंतींवरून खाली आले, तडे पाहिले आणि त्या तड्यांचा माग काढत पायापर्यंत पोचले. मनोऱ्याच्या एका खांबाला लागूनच कबरी खणल्या गेल्यामुळे पाया उघडा पडला होता. छपराला हात लावण्याआधी मनोऱ्याचा भार कमी करून खांब नव्याने उभारावा लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे तडे तर पूर्वापार आहेत, आणि कामासाठी हा माणूस भीती घालतो आहे, अशी कुजबूज सभेत झाली. पुढची चर्चा बाहेर उघड्यावर करा, भिंत अंगावर पडायची, असे म्हणून टेलफर्ड निघून गेले. थोड्याच दिवसांत, जुलै महिन्याच्या एका पहाटे, मनोरा कोसळला आणि चर्चचा बहुतेक भाग त्याने आपल्यासोबत नेला. आज उभा आहे तो एका बाजूचा लहानसा भाग.

त्याच्या भिंतीशी उभे राहून माझ्या सहकाऱ्याने जे म्हटले ते मला पटले : दोष छपराचा की पायाचा, हे तपासण्याचा अधिकार कोणी देत नसतो, तो अभियंत्याने स्वतः घ्यावा लागतो.

बुधवार : लाँगडन, बिल्डवास

१७९५ च्या फेब्रुवारीत सेव्हर्न आणि तिच्या उपनद्यांना जो पूर आला, त्याने श्रॉपशायरमधील पुष्कळ पूल वाहून नेले आणि टेलफर्ड यांना लोखंडाकडे वळवले. आयर्नब्रिजचा १७७९ मध्ये उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल त्या पुरात टिकला होता. एकाच कमानीने नदी ओलांडल्यामुळे पाण्याला अडवणारा खांब पात्रात नव्हता, आणि लोखंडी कमानीच्या पोटातून पाणी निघून जायला जागाही होती. टेलफर्ड यांनी या पुलापासून धडा घेतला, पण त्याची नक्कल केली नाही. बिल्डवास येथे त्यांनी १७९६ मध्ये १३० फूट गाळ्याचा (म्हणजे दोन टेकूंमधील अंतराचा) पूल बांधला, तो आयर्नब्रिजपेक्षा ३० फुटांनी लांब आणि तरी वजनाने निम्म्याहून हलका होता. आयर्नब्रिजच्या लोखंडात सुतारकामाच्या पद्धतीचे कुसू-सालीचे सांधे दिसतात. लोखंड हे लाकूड नव्हे, ही समज बिल्डवासने पुढे नेली. तो पूल विसाव्या शतकाच्या आरंभी उतरवला गेला, त्यामुळे तिथे आम्ही फार थांबलो नाही.

लाँगडन-ऑन-टर्न येथे मात्र दुपार गेली. एका शेतात, कोरड्या कालव्याचे लोखंडी पन्हळ टर्न नदीवर तसेच उभे आहे. आधी बांधलेला दगडी जलसेतू, म्हणजे कालवा नदीवरून नेणारा पूल, पुरात गेल्यावर टेलफर्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाचे पन्हळ बसवले. लोखंडी पत्र्यांच्या कडा बोल्टांनी जोडलेल्या आहेत, आणि त्यांच्या सांध्यांची रचना पाहिली की कमानीतील दगडांची मांडणी आठवते. गवंड्याच्या डोळ्याने लोखंड मांडले आहे, आणि बोट फिरवल्यावर पत्र्यांच्या कडा आजही एकमेकींना बेतशीर भिडलेल्या लागतात. १९४४ मध्ये कालवा बंद झाला. खालच्या गवतात मेंढ्या चरत होत्या आणि वाटेत कोणी अडवले नाही. एवढ्या महत्त्वाच्या प्रयोगाजवळ इतके सहज जाता येणे हे भाग्यच.

गुरुवार : पाँटकसल्टे

सकाळी चर्कचा जलसेतू पाहिला. १८०१ मध्ये पुरा झालेला, दहा कमानींचा, ७० फूट उंच. त्याच्या तळाशी लोखंड आहे, बाजूचे बांधकाम दगडी आहे. सावध पाऊल म्हणून तो महत्त्वाचा. पण तिथून दोन तासांत आम्ही ज्या ठिकाणी पोचलो, त्यापुढे तो फिका पडतो.

डी नदीवरचा पाँटकसल्टे जलसेतू हजार फुटांहून थोडा जास्त लांब आणि १२६ फूट उंच आहे. १८ दगडी खांबांवर १९ लोखंडी कमानी आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे पन्हळ, ज्यातून आजही होड्या जातात. काम १७९५ मध्ये सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर १८०५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे ४७,००० पौंड. २००९ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

वरून चालताना एका बाजूला रेलिंग आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. होडीत बसलेल्याला पन्हळाच्या पातळ कडेपलीकडे थेट दरी दिसते. खाली उतरून खांबांच्या पायथ्याशी गेल्यावर मात्र भीती जाऊन हिशेब दिसू लागला. खांब सुमारे ७० फुटांपर्यंत भरीव आहेत. त्यावर ते पोकळ करून आत आडव्या भिंती दिल्या आहेत, म्हणजे वजनही कमी आणि बांधकाम आतून तपासायची सोयही. दगड आणि चुना यांचे काम टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली झाले, लोखंड ओतले ते विल्यम हेझलडाइन यांनी, जवळच्याच प्लास किनास्टनच्या भट्टीत. पन्हळाचे सांधे बुजवताना लोकरीचे कापड उकळत्या साखरेच्या पाकात भिजवून वापरले आणि वरून शिसे भरले. ठराविक काळाने हे पन्हळ दोन्ही टोकांना बंद करून मधल्या बुचातून रिकामे करतात आणि आतून तपासतात, त्यावेळी ते पाणी सरळ डी नदीत कोसळते. इतक्या वर्षांनी ही देखभाल सुटसुटीत आहे, याचे श्रेय आरंभीच तिची सोय करणाऱ्याला द्यावे लागते.

एका गोष्टीची खंतही इथे नोंदवतो. या कालव्याचे प्रमुख अभियंता विल्यम जेसॉप होते आणि लोखंडी पन्हळाला त्यांची संमती व जबाबदारी दोन्ही होती. टेलफर्ड यांनी पुढे आपल्या आयुष्याचे वृत्त लिहिताना जेसॉप यांना जवळजवळ वगळले. त्यांच्यासारख्या माणसाने हे करायला नको होते, आणि टेलफर्ड यांच्याविषयीच्या माझ्या आदराने हा डाग झाकला जात नाही.

शुक्रवार : लँगोलेन ते बँगर, रस्त्याने

आज पूर्ण दिवस आम्ही ए-५ या मार्गावर, म्हणजे लंडनहून आयर्लंडच्या बोटींच्या हॉलीहेड बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतो आणि प्रवासातला हाच दिवस मला सर्वांत मोलाचा वाटला. १८०१ मध्ये आयर्लंडचे ब्रिटनशी एकीकरण झाल्यावर आयरिश खासदारांना लंडनला यावे लागे, आणि उत्तर वेल्सचा रस्ता इतका वाईट होता की टपालगाड्यांचे घोडे त्यावर जायबंदी होत. सर हेन्री पार्नेल यांनी संसदेत हा विषय लावून धरला, आणि १८१५ पासून सरकारी पैशातून काम सुरू झाले. टेलफर्ड यांच्याजवळ तोवर मोठा अनुभव जमला होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात १८०३ पासूनच्या मोहिमेत त्यांच्या देखरेखीखाली ९०० मैलांहून अधिक रस्ते आणि हजारावर लहानमोठे पूल झाले, शिवाय कॅलिडोनियन कालवाही.

लँगोलेन सोडल्यावर चढ आहे हे गाडीच्या गिअरवरून कळत नाही, आणि हेच टेलफर्ड यांचे कर्तृत्व. जुन्या रस्त्यावर सहा-सात फुटांना एक फूट असा चढ होता. त्यांनी तो वीस फुटांना एक फुटाच्या आसपास ठेवला, आणि नँट फ्रँकनच्या खिंडीत तर २२ फुटांना एक फूट. घोडा धापा न टाकता चढेल आणि उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर जाणार नाही, असा हा हिशेब. त्यासाठी खिंडीच्या कुशीत लांब वळणे घ्यावी लागली आणि दरीच्या बाजूला दगडी आधारभिंती बांधाव्या लागल्या. ग्लिन डिफविसच्या घळीत या भिंती अजून तशाच आहेत.

रस्त्याच्या पोटात काय आहे, हेही सांगायला हवे. तळाशी हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा थर, मध्ये सात इंच आणि कडेला तीन इंच जाडीचा, रुंद बाजू खाली आणि निमुळती वर अशी मांडणी, मधल्या फटी लहान कपच्या ठोकून भरलेल्या. आपण ज्याला सोलिंग म्हणतो तेच हे. त्यावर सहा इंच खडी, अडीच इंचांच्या कड्यातून पार व्हायलाच हवी अशा मापाने फोडलेली, आणि सर्वांत वर दीड इंच बारीक रेतीखडीचा बांधणारा थर. रस्ता मध्ये उंच, कडांकडे उतरता आणि पुढे पाणी नेणारे गटार. त्याच काळात रस्ते बांधणारे जॉन मॅकॅडम यांचे म्हणणे असे होते की खालचे जड दगड लागतच नाहीत, कोरडी जमीन आणि नीट फोडलेली खडी एवढे पुरे. ही पद्धत स्वस्त होती आणि जगाने बहुतांशी तीच उचलली. तरी जिथे भुई भिजकी किंवा मऊ आहे तिथे टेलफर्ड यांचाच पाया हवा, हे कामावर पावसाळे काढलेले लोक जाणतात.

वाटेत बेटुसीकॉइडजवळ १०५ फूट गाळ्याचा वॉटर्लू पूल लागला. ज्या वर्षी वॉटर्लूची लढाई झाली त्याच वर्षी ही कमान उभी राहिल्याचे तिच्यावर ओतीव अक्षरांत लिहिले आहे, आणि कमानीवर इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे काटेफूल, आयर्लंडची तीनपाती आणि वेल्सचा लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी) लोखंडातच ओतला आहे. सायंकाळी ऑग्वेनच्या धबधब्यापाशी थांबलो. रस्त्याच्या पुलाच्या कमानीखाली वाकून पाहिले, तेव्हा तिच्या पोटात आणखी एक कमान दिसली. ओझ्याच्या घोड्यांसाठीच्या जुन्या वाटेचा पूल मोडून न टाकता टेलफर्ड यांचा पूल त्याच्या वर बांधलेला आहे. कॅमेऱ्याच्या उजेडात दोन काळांचे दगड एकावर एक स्पष्ट ओळखू येत होते : खालचे खडबडीत आणि आहेत तसे, वरचे चौकटीत घडवलेले.

शनिवार : मेनाय आणि कॉनवी

अँगलसी बेट आणि वेल्सची भूमी यांच्यामधल्या मेनाय सामुद्रधुनीत पाण्याचा वेग भयंकर आहे. पूल होण्याआधी गुरांना पोहत नेत, आणि माणसे नावांनी जात. १७८५ मध्ये एका नावेच्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे बुडाली. तिथे पूल हवा, पण नौदलाची जहाजे खालून जायला भरतीच्या पाण्यावर १०० फूट मोकळी जागाही हवी. कमानी उभारण्यासाठी प्रवाहात मचाण टाकता येणार नव्हते, म्हणून टेलफर्ड यांनी झुलता पूल निवडला. दोन मनोऱ्यांमधील अंतर ५७९ फूट, जगातील पहिल्या मोठ्या झुलत्या पुलांपैकी एक.

१० ऑगस्ट १८१९ रोजी पहिला दगड बसला. मनोरे पेनमॉनच्या चुनखडीचे आहेत. साखळ्या १६, प्रत्येक ९३५ घडीव लोखंडी पट्ट्यांची, आणि हे लोखंड गंजू नये म्हणून तापवून जवसाच्या तेलात बुडवलेले. साखळ्यांची टोके खडकात बोगदे खणून अडकवली आहेत. २६ एप्रिल १८२५ रोजी पहिली साखळी चढवली. तराफ्यावर ठेवलेला तिचा मधला भाग प्रवाहात आणला आणि १५० माणसांनी चक्रे फिरवून वर ओढला, तेव्हा बासरीवाद्याच्या तालावर पावले टाकत असल्याचे वर्णन आहे. त्या आठवड्यांत टेलफर्ड यांना झोप येत नव्हती, आणि साखळी जागी बसल्यावर ते गुडघे टेकून प्रार्थना करताना आढळले, असे सांगतात. ६७ वर्षांच्या माणसाला एवढी काळजी वाटावी याचे मला नवल वाटत नाही. एवढ्या लांबीचा लोखंडी झुला कोणीच आधी टांगलेला नव्हता.

३० जानेवारी १८२६ रोजी पूल खुला झाला. आम्ही तो चालत ओलांडला. मध्यावर आल्यावर वाहन गेले की पायाखाली मंद कंप जाणवतो. मूळची लाकडी वाट मात्र फार लवचिक होती. खुला होताच काही आठवड्यांत वादळाने ती मोडली, आणि १८३९ च्या वादळाने तर तिचा मोठा भाग उखडला. साखळ्या आणि मनोरे टिकले, वाटेला ताठपणा कमी पडला. वाऱ्याचे हे काम त्या काळी कोणालाच नीट उमगलेले नव्हते. १८९३ मध्ये पोलादी वाट बसली आणि १९३८ ते १९४० या काळात साखळ्या पोलादाच्या झाल्या. २०२२ मध्ये झुलत्या सळयांच्या दुरुस्तीसाठी पूल काही महिने बंदही होता, याची इथे राहणाऱ्यांना अजून आठवण आहे.

कॉनवीला दुपार थोडी राहिली होती. किल्ल्याच्या बुरुजांशी जुळतील असे मनोरे टेलफर्ड यांनी १८२६ च्या झुलत्या पुलाला दिले आहेत. मला ते जरा सजावटी वाटले, पण मूळच्या साखळ्या तिथे अजून जागेवर आहेत.

रविवार : हॉलीहेड

अँगलसीवरचा रस्ता जवळपास सरळ आहे. वाटेत टेलफर्ड यांचा अष्टकोनी टोलनाका आणि त्यावरची दरांची पाटी पाहिली. या बेटावरचा टोल १८९५ पर्यंत चालू होता. स्टॅन्ली बांधावरून हॉलीहेडला गेलो. डब्लिनच्या बोटीकडे जाणारे ट्रक रांगेत होते. १८३० च्या दशकात लंडनहून टपालगाडी सुमारे २७ तासांत इथे पोचत होती, पण १८५० मध्ये रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीव्हनसन यांचा मेनायवरचा ब्रिटानिया रेल्वे पूल सुरू झाल्यावर टपाल आगगाडीने जाऊ लागले.

मंगळवार : लंडन

वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मध्यदालनात टेलफर्ड यांची फरशी शोधावी लागली. २ सप्टेंबर १८३४ रोजी त्यांचे निधन झाले. लग्न केलेले नव्हते. आयुष्याचा मोठा भाग चेअरिंग क्रॉसच्या एका कॉफी हाउसच्या खोलीत आणि कामांच्या गाड्यांमध्ये गेला. १८५९ मध्ये रॉबर्ट स्टीव्हनसन यांना त्यांच्या इच्छेनुसार शेजारी जागा मिळाली.

त्यानंतर आम्ही इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या इमारतीकडे गेलो. १८१८ मध्ये काही तरुणांनी स्थापलेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष म्हणून १८२० मध्ये टेलफर्ड आले आणि मृत्यूपर्यंत राहिले. १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. त्यांनी सभासदांना आपल्या कामाचे वृत्तांत लिहून आणण्याचा आग्रह धरला आणि त्यांवर खुली चर्चा होऊ लागली. या आग्रहाची किंमत त्यांच्या पुलांइतकीच मोठी आहे, असे मला वाटते. मेनाय पुलावर त्यांच्याच हाताखाली निवासी अभियंता असलेले विल्यम प्रोव्हिस यांनी १८३९ च्या वादळानंतर वाट पुन्हा बांधली, आणि वाऱ्याने त्या पुलावर काय परिणाम केले याचा लेख संस्थेच्या १८४२ च्या व्यवहारग्रंथात प्रसिद्ध केला. आपल्या गुरूच्या सर्वांत मोठ्या कामातील उणीव त्यांनी सरळ नोंदवली आहे.